जेवणाच्या टेबलावर हँगिंग लाइट: घरच्या घरी बसवण्याची पूर्ण रीत

भिंतीवरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात जेवायला बसलं की भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्याच्या ताटात त्याच्याच डोक्याची सावली पडते. माशाचा काटा काढताना किंवा लहान मुलाला भरवताना हे चांगलंच जाणवतं. टेबलाच्या बरोबर वर एक हँगिंग लाइट आला की उजेड नेमका ताटांवर पडतो, आणि बाकीची खोली थोडी मंद ठेवली तरी चालते.

छतात पॉइंट, म्हणजे दिव्यासाठी वायर काढून ठेवलेली जागा, आधीच असेल तर हे काम घरच्या घरी नीट आणि सुरक्षितपणे करता येतं. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या: शिडीवर चढून विचार करायचा नाही. उंची, मध्य, वायरची लांबी, शक्य तेवढ्या जोडण्या, स्क्रूंची निवड हे सगळं खाली, पाय जमिनीवर असताना उरकायचं. हात डोक्याच्या वर ठेवून काम करताना खांदे पाच मिनिटांत भरून येतात, आणि भरून आलेल्या हातांनी आवळलेला स्क्रू सैल राहतो. सैल जोड तापतो, आणि होल्डर जळण्याचं, कनेक्टर काळा पडण्याचं कारण बरेचदा तेवढंच असतं.

आपण कुठपर्यंत, वायरमन कुठून पुढे

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचं असतं. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं व फिटिंग बदलायला त्यातून सूट आहे. अट अशी की त्या बदलाने मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे छतातला जुना होल्डर काढून तिथे हँगिंग लाइट लावणं आपल्या हातचं; नवा पॉइंट काढणं, भिंत फोडून पाइप टाकणं, बोर्डात नवीन स्विच वाढवणं हे परवानाधारक वायरमनचं.

पॉइंट असला तरी तो उघडल्यावर पुढच्यापैकी काही दिसलं तर काम तिथेच थांबवा. वायर तांब्याच्या ऐवजी ॲल्युमिनियमची असेल, म्हणजे सोललेलं टोक पांढरट चंदेरी आणि मऊ असेल, तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका. दोन धातूंचा तो जोड कालांतराने खराब होऊन तापायला लागतो. कलई केलेली तांब्याची वायरही बाहेरून चंदेरी दिसते, म्हणून शंका आली तर टोक जरा खरवडून पाहा. वायरचं आवरण बोट लावताच तुकडे होऊन पडत असेल, किंवा बॉक्सच्या आत ओल वा जळल्याचा काळा डाग असेल, तरीही वायरमनला बोलवा. हे प्रश्न दिवा बदलून सुटत नाहीत.

दिवा निवडताना

चार माणसांचं टेबल साधारण १२० बाय ७५ सेंटीमीटरचं असतं. त्यावर ३८ ते ४५ सेंटीमीटर व्यासाची एक शेड शोभते आणि पुरते. शेडचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या अर्धा ते दोन तृतीयांश ठेवला की उठताना डोकं आपटत नाही. सहा माणसांच्या लांब टेबलाला एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन किंवा तीन लहान दिवे बरे. त्यांच्यात मध्यापासून मध्यापर्यंत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर ठेवा.

शेड कशाची घ्यायची हे आपल्या स्वयंपाकावर ठरवा. आजच्या फ्लॅटमध्ये ओटा आणि जेवणाचं टेबल एकाच हवेत असतात. फोडणीची तेलकट वाफ कापडी आणि वेताच्या शेडवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि वर्षभरात शेड पुसण्यापलीकडे जाते. अशा घरात काच किंवा गुळगुळीत धातू घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. समुद्राजवळ, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर, साधं लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजतं. तिथे पितळ, काच किंवा चांगला रंग दिलेलं ॲल्युमिनियम टिकतं.

बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा घ्या. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात वरणाचा पिवळा आणि रश्श्याचा तांबडा दोन्ही फिके पडतात. ‘सीआरआय’ आकडा छापलेला असेल तर ८० च्या वरचा, मिळाला तर ९० चा घ्या. रंग खरे दिसण्याचं ते माप आहे. चार माणसांच्या टेबलाला एक ९ वॉटचा एलईडी, साधारण ८०० ते ९०० ल्युमेनचा, पुरेसा होतो. होल्डर आट्याचा, म्हणजे ई-२७ आहे की आपला नेहमीचा खिट्टीचा बी-२२, हे दुकानातच पाहा आणि बल्ब त्याच वेळी घ्या.

दिव्याची छताला टेकणारी वाटी किती रुंद आहे, तेही दुकानातच मोजा. तिने छतातला बॉक्स पूर्ण झाकला पाहिजे. साध्या दिव्याच्या पॉइंटला अडचण येत नाही, पण पंख्याच्या बॉक्सचं तोंड मोठं असतं आणि लहान वाटीच्या कडेने भोक डोकावत राहतं.

शेवटी वजन. साधा एक बल्बचा हँगिंग लाइट एक-दोन किलोचा असतो, छतातला पंखा साडेतीन-चार किलोच्या आसपास. बारा बल्बांचं काचेचं झुंबर याहून कितीतरी जड असू शकतं आणि त्याची बांधणी वेगळी लागते.

मध्य आणि उंची

छतातला पॉइंट टेबलाच्या मध्यावर क्वचितच सापडतो. आधी टेबल जिथे कायम राहणार तिथे ठेवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोरे ताणा. ते जिथे छेदतात तो मध्य, तिथे चिकटपट्टीची फुली मारा. आता गवंडी वापरतात तसा ओळंबा करा: दोऱ्याला एक जड नट बांधा, वरचं टोक छताला लावून हळूहळू सरकवा आणि नट फुलीवर स्थिर झाला की छतावर पेन्सिलने खूण करा. हे काम एकाने शिडीवर आणि एकाने खाली असं करावं.

खूण आणि पॉइंट यांत हातभर अंतर निघालं तर छत फोडायची गरज नाही. लांब वायरचा दिवा घ्यायचा, वाटी पॉइंटवर बसवायची, वायर थोडी झोळ देऊन मध्याच्या खुणेवर मारलेल्या हुकातून खाली सोडायची. हुक मात्र स्लॅबमध्ये पक्का हवा, कारण दिव्याचं सगळं वजन आता त्याच्यावर येतं.

उंचीचं साधं गणित असं. टेबलाच्या पाटापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ७५ ते ९० सेंटीमीटर ठेवायचे. समजा जमिनीपासून छत २७५ सेंटीमीटरवर आहे, टेबल ७५ सेंटीमीटर उंच आहे, आणि मधलं अंतर ८० घेतलं. शेडची खालची कड जमिनीपासून १५५ वर आली. शेड स्वतः २५ सेंटीमीटर उंच असेल तर छतापासून शेडच्या माथ्यापर्यंत वायर ९५ सेंटीमीटर. फॉल्स सीलिंगमुळे छत २५० वर आलं असेल तर हीच वायर ७० होते.

गणित झालं तरी वायर लगेच कापू नका. शेडच्या व्यासाएवढी पुठ्ठ्याची चकती कापा, दोऱ्याने त्या उंचीवर टांगा आणि दोन दिवस तिच्याखाली जेवा. समोरच्याचा चेहरा अडतो का, वाढायला उठणाऱ्याचं डोकं लागतं का, हॉलमधून टीव्हीच्या मध्ये येते का, हे चकती सांगते. घरातला सर्वांत उंच माणूस आणि खुर्चीवर उड्या मारणारं मूल या दोघांचा विचार इथेच करा. टेबल पुढेमागे सरकवून त्या जागेतून ये-जा होणार असेल तर दिवा जमिनीपासून निदान २१० सेंटीमीटर वर लागतो, आणि मग तो ताटांवरचा दिवा राहत नाही.

पंखा जवळ असेल तर पात्यांच्या टोकापासून दिवा निदान दोन फूट लांब ठेवा. १२०० मिलिमीटरचा पंखा म्हणजे मध्यापासून ६० सेंटीमीटर पातं, त्यापुढे हे दोन फूट. जवळ लावलेला हलका दिवा वाऱ्याने सतत झुलतो, झुलता झुलता वाटीपाशी वायर घासते. शेड वरून उघडी असेल तर पात्यांची फिरती सावलीही छतावर नाचते, आणि जेवताना तिने डोळ्यांना त्रास होतो.

छत कसलं आहे

सिमेंटचा स्लॅब असेल तर सोपं. ६ मिलिमीटरचं बिट, ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी आणि आठ नंबरचा दीड इंची स्क्रू हा संच साध्या दिव्याला पुरतो. ड्रिल हॅमरवर ठेवा आणि भोक ४० मिलिमीटर खोल घ्या. बिटावर तेवढ्या मापाला टेप गुंडाळला की खोली कळते. छताला प्लास्टर असतं. गिट्टी त्या प्लास्टरमध्ये न थांबता आतल्या काँक्रीटमध्ये गेली पाहिजे, म्हणून ही खोली.

भोक कुठे घ्यायचं हे ठरवण्याआधी पॉइंटचा बॉक्स टॉर्चने नीट पाहा. बॉक्सच्या कुठल्या बाजूने पाइप आत आलेत ते दिसतं. ते पाइप स्लॅबच्या पोटातून त्याच दिशेने पुढे जातात, त्यामुळे त्या रेषेत भोक घ्यायचं नाही. वाटी जिच्यावर बसते ती छताची पट्टी फिरवून तिचे दोन्ही स्क्रू पाइपांच्या मधल्या बाजूंना येतील असं बसवा. २०-२५ मिलिमीटरवर बिट अडून कर्कश आवाज आला तर सळई लागली असं समजा आणि दोन-तीन सेंटीमीटर सरकून दुसरं भोक घ्या. मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब काँक्रीटमध्ये ओतून, बांधलेल्या इमारतींत काँक्रीट फार टणक लागतं, तिथे साध्या ड्रिलपेक्षा रोटरी हॅमर भाड्याने आणलेला परवडतो. काही नव्या टॉवरमध्ये स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतात. तुमच्या इमारतीत त्या असतील तर सोसायटीकडून नकाशा पाहिल्याशिवाय छताला ड्रिल लावू नका.

धुळीसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. त्याच्या बुडाला भोक पाडून बिट त्यातून घाला आणि डब्याचं तोंड छताला टेकवून ड्रिल करा. सगळा चुरा डब्यात पडतो. डोळ्यांना गॉगल तरीही हवाच.

फॉल्स सीलिंग असेल तर जपून. जिप्सम बोर्डाची जाडी साधारण साडेबारा मिलिमीटर असते. त्यात नुसता स्क्रू मारून दिवा टांगला तर आज ना उद्या तो बोर्डाचा तुकडा घेऊन खाली येणार. किलोभराचा हलका दिवा आतल्या लोखंडी चॅनेलला, किंवा सीलिंग करताना सुताराने वर प्लायवूडचा तुकडा ठेवला असेल तर त्याला स्क्रू करता येतो. चॅनेल कुठे आहे ते लोहचुंबक फिरवून कळतं. त्याहून जड दिव्यासाठी वरच्या स्लॅबला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट, मारून, त्यातून आट्याचा रॉड किंवा साखळी खाली आणून तिच्यावर वजन द्यायचं. सीलिंगने फक्त भोक झाकायचं.

जुन्या वाड्यात आणि कोकणातल्या कौलारू घरात स्लॅब नसतो, पण आधार उलट चांगला मिळतो. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या छतात पातळ फळीला हात लावायचा नाही. कडी किंवा तुळई शोधून तिच्यात लांब हुक पिळायचा. कौलारू घरात आधार वाशाला किंवा तुळईला. अशा छतात उंदरांचा वावर असतो, म्हणून वरून जाणारी वायर उघडी न ठेवता पाइपातूनच न्यावी.

पंख्याचा पॉइंट रिकामा असेल आणि तिथेच दिवा लावायचा असेल तर हुक तयार मिळतो. तो पंख्याचं वजन आणि थरथर सोसण्यासाठी बसवलेला असतो, त्यामुळे दिवा त्याला जड नाही. मात्र हुकाला गंजाचे पापुद्रे सुटले असतील किंवा भोवतीचं सिमेंट भुगा होऊन पडत असेल तर तो वापरू नका. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: त्या पॉइंटच्या वाटेत बोर्डावर रेग्युलेटर असतो. रेग्युलेटरमधून एलईडी चालवला की तो लुकलुकतो आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा आतला भाग, लवकर जातो. वायरमनकडून रेग्युलेटर वाटेतून काढून घ्या, मगच दिवा लावा.

वीज खरोखर बंद आहे का

हा भाग सावकाश वाचा.

दिव्याचं बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं नसतं. छतातल्या बॉक्समधून दुसऱ्या पॉइंटला लूप, म्हणजे पुढे नेलेली जोडवायर, गेलेला असू शकतो आणि त्यात फेज (वीज घेऊन येणारी वायर) चालू राहतो. काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीवर, बसवलेलं असतं. तिथे बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत २३० व्होल्ट येऊन थांबलेले असतात. दिव्याची एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या सर्किटचा छोटा स्विच, पाडणंही पुरेसं नाही, कारण घरगुती एमसीबी बहुतेक एकपदरी असते, ती फक्त फेज तोडते. म्हणून घराचा दोनपदरी मेन स्विच किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, पाडा. त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर एवढ्यानेही भागत नाही. मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून दिव्यांना वीज देऊ लागतो. बाहेरून सगळं बंद दिसतं आणि छतातल्या वायरीत पुन्हा २३० व्होल्ट असतात. मेन पाडल्यावर इन्व्हर्टरचं बटणही बंद करा, आणि त्याची वेगळी एमसीबी असेल तर तीही पाडा.

क्रम असा ठेवा. काम दिवसा घ्या, म्हणजे उजेडाची पंचाईत होत नाही. आधी जुना बल्ब चालू करा. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजणारं यंत्र, एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवून चालू सॉकेटवर तपासा; २३० च्या आसपास दाखवला म्हणजे मीटर ठीक आहे. मग मेन पाडा. बल्ब गेला असो किंवा क्षणभर जाऊन परत आला असो, घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. आता शिडीवर चढून बॉक्समध्ये फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा; अर्थ म्हणजे जमिनीला जोडलेली सुरक्षेची वायर. तिन्ही ठिकाणी शून्याच्या जवळ आकडा हवा. वायरच्या टोकांना बोट लावायचं ते यानंतर.

नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. तो बिघडला असेल तरी पेटत नाही, आणि पायांखाली सुकी लाकडी शिडी असली तरी नीट पेटत नाही. दोन्ही वेळा ‘वीज नाही’ असंच उत्तर मिळतं. टेस्टर हाताशी असावा, पण निर्णय मल्टिमीटरचा.

मेनवर टेप लावा आणि मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: ‘काम चालू आहे, हात लावू नये’. कपडे धुवायचे राहिलेत म्हणून कुणीतरी सहज मेन चढवतं. घरातल्या सगळ्यांना तोंडानेही सांगा.

टेबलावरची जोडणी

आता दिवा टेबलावर उलगडा. वायर, होल्डर, शेड, वाटी, छताची पट्टी, स्क्रू, कनेक्टर सगळं मांडून घ्या. वायर वाटीच्या भोकातून ओवण्याआधी होल्डर जोडू नका, नाहीतर पुन्हा सोडवावा लागतो.

रंगांचा गोंधळ इथे होतो. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये बहुधा फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थ हिरवा असतो. दिव्यासोबत आलेल्या वायरीत मात्र अनेकदा तपकिरी हा फेज, निळा हा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा हा अर्थ असतो. म्हणजे दिव्यातला निळा न्यूट्रल, तर भिंतीतला निळा फेज असू शकतो. रंगाला रंग जोडू नका. भिंतीकडचा फेज कुठला ते वीज असताना, मोकळ्या वायरीला हात न लावता मल्टिमीटरने आधीच ओळखून ठेवा आणि वीज बंद करून मोजल्यावरच त्याला टेपचा तुकडा लावा: अर्थच्या तुलनेत ज्या वायरीवर २३० दिसतात ती फेज. हे मोजणं अवघड वाटत असेल तर तेवढ्यापुरतं वायरमनला बोलवा.

दिव्याकडच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असतील, पिळाच्या काळ्या वायरीत तसं असतंच, तर मल्टिमीटर बीपवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असतील तर वाजणाऱ्या खुणेवर, ठेवा. एक टोक होल्डरच्या तळाशी असलेल्या मधल्या पितळी जिभेला लावा आणि दुसऱ्याने वायरीची टोकं तपासा. जिच्यावर बीप होईल ती फेजची; तिला खूण करा. आट्याच्या होल्डरमध्ये फेज कायम त्या मधल्या जिभेला आणि न्यूट्रल आट्याच्या कवचाला जातो. उलट झालं तरी दिवा लागेल, पण बल्ब बदलताना बोट ज्या कवचाला लागू शकतं त्यात फेज असेल.

वायर ठरलेल्या मापाला कापा, मात्र वाटीत गुंडाळायला १५-२० सेंटीमीटर जादा ठेवून. टोकं ८ ते १० मिलिमीटर सोला. आतले केस, म्हणजे तांब्याच्या बारीक तारा, पिळून एकत्र करा. एकही केस बाहेर राहायला नको. कनेक्टर स्क्रूचा असेल तर पिळलेलं टोक दुमडून आत घाला, म्हणजे स्क्रूला पकड मिळते. खटक्याचा कनेक्टर मिळाला तर तोच घ्या, शिडीवर फार सोपा जातो. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळायची जुनी सवय मात्र सोडा. वाटीतल्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, टेप उलगडते आणि उघडा जोड धातूच्या वाटीला लागतो.

वाटीच्या भोकात वायर धरणारं छोटं बूच असतं, बाजूने स्क्रू असलेलं. ते घट्ट करा आणि वायर जोरात ओढून पाहा. सरकली नाही पाहिजे. ते नसेल तर वाटीच्या आत वायरीला पक्की गाठ मारा. शेडचं वजन कधीही कनेक्टरपर्यंत पोहोचता कामा नये. जड शेडसोबत स्टीलची बारीक दोरी येते. वजन तिच्यावर, वायर तिच्या बाजूने थोडी सैल.

दिव्याची वाटी किंवा शेड धातूची असेल तर अर्थची वायर तिला जोडलीच पाहिजे. जुन्या इमारतींत दिव्याच्या पॉइंटला बरेचदा अर्थ आणलेलाच नसतो. मग धातूचा दिवा घेऊ नका. काच, लाकूड, चिनीमाती किंवा प्लास्टिकचा घ्या, किंवा चौकोनात चौकोन अशी खूण छापलेला दुहेरी आवरणाचा.

शिडीवर

टेबल बाजूला सरकवा आणि घोडा, म्हणजे दोन बाजूंनी उघडणारी शिडी, उघडून त्याच्या कड्या अडकवा. टेबल, प्लास्टिकची खुर्ची, स्टूल यांच्यावर उभं राहून छताचं काम करू नये. पायात कोरड्या रबरी चपला, आणि खाली घोडा धरणारं एक माणूस, जे हत्यारंही वर देईल.

पट्टी छताला धरून भोकांच्या खुणा करा, ड्रिल करा. ड्रिलला वीज शेजाऱ्यांकडून एक्स्टेन्शन आणून घ्या किंवा बॅटरीचं ड्रिल वापरा; भोकं पाडण्यापुरता मेन चढवायचा असेल तर बॉक्समधल्या टोकांवर आधी कनेक्टर चढवून ती झाका, आणि नंतर बंद करून मोजण्याचा सगळा क्रम पहिल्यापासून करा. भोकातली धूळ फुंकून काढा, गिट्टी हलकेच ठोकून छताच्या पातळीत बसवा, पट्टी आवळा.

आता पट्टीची परीक्षा. दिवा दोन किलोचा असेल तर पाच-सहा किलो तांदळाची पिशवी पट्टीला पाच मिनिटं टांगून ठेवा, तिच्याखाली कुणी उभं न राहता. गिट्टी किंचितही सरकली तर ते भोक सोडून द्या आणि नवीन घ्या.

खालच्या माणसाने दिवा उचलून धरावा, किंवा दिवा तात्पुरत्या हुकाला अडकवावा, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. पहिल्यांदा अर्थ जोडा, मग न्यूट्रल, शेवटी फेज. प्रत्येक जोड झाला की ती एक वायर धरून ओढा. जादा वायर सैल वेटोळं करून बॉक्सात सरकवा आणि वाटी वर चढवा. वाटीची कड आणि पट्टी यांच्यात वायर चिमटली तर नाही ना, हे टॉर्च मारून चारी बाजूंनी पाहा. कडेचे स्क्रू हातानेच आवळा.

चालू करताना

मेन चढवण्याआधी बल्ब न लावता मल्टिमीटरने होल्डरची जीभ आणि कवच यांच्यात बीप तपासा. बीप झाली तर कुठेतरी दोन वायरी एकमेकींना लागल्या आहेत. दिव्याच्या धातूच्या अंगापासून अर्थपर्यंत मात्र बीप झालीच पाहिजे. मग बटण बंद ठेवून मेन चढवा आणि होल्डर तपासा: बटण बंद असताना जीभ आणि अर्थ यांच्यात किरकोळ आकडा, चालू केल्यावर २३० च्या आसपास. पुन्हा बंद करून बल्ब लावा.

मेन चढवताच आरसीसीबी पडली तर न्यूट्रल किंवा फेज धातूला लागतोय. बहुतेक वेळा वाटीच्या कडेत चिमटलेली वायर सापडते. परत मेन पाडून, मोजून, मगच वाटी उघडा. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण या निमित्ताने दाबून पाहा. ती पडली नाही तर ती निकामी आहे, आणि ती बदलणं दिव्यापेक्षा जास्त निकडीचं आहे.

बटण बंद केल्यावरही एलईडी काजव्यासारखा मिणमिणत राहिला तर तीन कारणं संभवतात. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्यातून जाणारा किंचित प्रवाह एलईडीला पुरतो. फेज आणि स्विचची वायर एकाच पाइपातून लांबवर शेजारी-शेजारी गेली असेल तरी असं होतं. ही दोन धोक्याची नाहीत. बल्बची कंपनी बदलली की बहुधा थांबतं. तिसरं कारण म्हणजे बटण न्यूट्रलवर असणं. बटण बंद असताना होल्डरची जीभ आणि अर्थ यांच्यात पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर तेच आहे, आणि बोर्डातली जोडणी वायरमनकडून बदलून घ्यायला हवी.

पहिल्या दिवशी दिवा दोन तास चालू ठेवा, मग बंद करून वाटीला हात लावा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला किंवा प्लास्टिक तापल्याचा वास आला तर कनेक्टर पुन्हा उघडून आवळा. शेडच्या आत कमाल वॉटचा आकडा छापलेला असतो, त्याच्यावर जाऊ नका.

दिवाळीच्या साफसफाईत शेड धुवायला काढाल तेव्हाही मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून काढा, आणि पूर्ण सुकल्यावरच परत लावा. पावसाळ्यात वाटीभोवती छतावर पिवळट वर्तुळ दिसलं तर वरच्या मजल्याच्या बाथरूमचं किंवा गच्चीचं पाणी स्लॅबमधून पाइपात उतरतंय. त्या दिव्याची एमसीबी पाडून ठेवा, मेन आणि इन्व्हर्टरही बंद करून वाटी उघडा, बॉक्स सुकू द्या, आणि गळती दुरुस्त होईपर्यंत तो दिवा लावू नका.